गर्दीतले वडील

गेल्या रविवारी दुपारी दोन वाजता न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या सभागृहात आमच्या मंडळातर्फे एका राष्ट्रनेत्याच्या जीवनावरचा जुना माहितीपट सुरू झाला. माझ्या शेजारच्या अनोळखी वृद्ध बाई सतत चष्मा पुसत होत्या. शेवटी नेत्याची अंत्ययात्रा येताच आम्ही सारे आदराने उभे राहिलो.

"अहो, बसा ना!" त्या ओरडल्या. "माझे वडील आहेत त्या गर्दीत. फेटा हातात धरलेले, आई सांगायची. मी तान्ही असताना गेले. फोटोसुद्धा नाही हो."

आम्ही बसलो, तोवर गर्दी सरली होती. मी यंत्र चालवणाऱ्याला तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. त्या पुढे झुकल्या.

"चाल अगदी माझ्या लेकाची," एवढेच म्हणाल्या.

त्या खेपेस मीही नेत्याकडे पाहिले नाही. सगळे गेल्यावर मी खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या.