भाकरीची खिडकी

बास्सू म्हाताऱ्याचे नियम गावामागच्या डोंगरापेक्षाही जुने आहेत, असं त्याची सून इत्तो म्हणायची. अर्थात मनातल्या मनात. कुत्र्यानं उंबरठा ओलांडायचा नाही, कारण कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते पाऊल ठेवत नाहीत. चहाच्या किटलीला घरातल्या बाईनं हात लावायचा नाही, चहा म्हाताराच करणार आणि उंचावरून धार धरून तोच ओतणार. आणि छतावरचा बर्फ लोटायचा तो आपल्याच अंगणात, गल्लीत एक ढेकूळसुद्धा पडता कामा नये. गल्ली सगळ्यांची. उद्या कुणाकडे सुईण निघेल, कुणाचा जनाजा निघेल; बास्सूच्या बर्फानं वाट अडली असं कुणी म्हणायला नको.

इत्तो लग्न होऊन आली तेव्हा घरात दुसरी बाई नव्हती. सासू तुदा आदल्याच हिवाळ्यात गेली होती. नवरा साक्कू लग्नानंतर महिनाभरात कासाब्लांकाला गवंडीकामाला गेला तो गेलाच. ईदला उगवायचा, सगळ्यांना साबण आणि साखरेचे सुळके वाटायचा आणि चार दिवसांत पुन्हा गडप. मूलबाळ झालं नाही. गावातल्या बायकांनी आधी ताईत आणून दिले, मग उपाय सांगितले आणि शेवटी टोमणे मारायला सुरुवात केली. घरात उरला सासरा, जो दिवसभरात मोजकेच शब्द बोलायचा आणि तेही बहुतेक मेंढ्यांशी.

आणि उरला अमलाल. पांढरा, केसाळ, मेंढरांमागे हिंडणारा कुत्रा. एक कान कोल्ह्याशी झालेल्या भांडणात फाटलेला. रात्री तो छतावर बसून अख्ख्या गावाची राखण करायचा आणि सकाळी इत्तो भाकरी भाजायला भट्टीच्या खोपटीत शिरली की तिच्या पायाशी येऊन पसरायचा. ही खोपटी घराच्या मागच्या भिंतीलाच चिकटलेली, पण तिचं दार अंगणात. भाकरी भाजली की ती शालीखाली धरून अख्खं अंगण ओलांडायचं, कोपऱ्यावरून वळसा घ्यायचा आणि मग पुढच्या दारातून घरात. पावसात भाकरी भिजायची, वाऱ्यात निवायची. ज्यानं हे घर बांधलं त्याला डोकं नव्हतं, असं ती अमलालला रोज सांगायची. घर बास्सूनंच बांधलं होतं. अमलाल हे कुणाला सांगणारा नव्हता. साक्कूबद्दलही ती त्यालाच सांगायची, टोमण्यांबद्दलही, आणि कधीकधी नुसतीच रडायची.

त्या वर्षी यन्नायरची, म्हणजे नव्या वर्षाची लापशी खाऊन झाली आणि बर्फ सुरू झाला. बर्फ काही नवा नव्हता. पण हा थांबेचना. पहाटे इत्तोनं घाईघाईनं दोन-चार दिवसांच्या भाकऱ्या एकदम भाजून घेतल्या आणि दोघं लाकडी फावडी घेऊन आतल्या शिडीनं छतावर चढली. मातीचं छत, खाली देवदाराच्या तुळया. बर्फ साचू दिला तर सगळं डोक्यावर यायचं. त्यांना पाहून अमलालनं अंगणात उडी मारली आणि तो दिसेनासा झाला.

दोघं दिवसभर बर्फ लोटत होती. खरवडलेल्या जागी मागे वळून बघेपर्यंत पुन्हा पांढरं. दुपारी इत्तो म्हणाली की अंगण भरत आलंय, अर्धा बर्फ गल्लीत टाकू या, या हवेत गल्लीतून जातंय कोण? बास्सूनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बर्फ अंगणातच पडत राहिला, मागच्या भिंतीच्या बाजूला, नेहमी पडायचा तिथेच.

संध्याकाळी तिनं छताच्या कडेवरून हाक मारली. अमलाल आला नाही. वारा असा की हाक तिची तिलाच ऐकू येईना.

“शेजारच्या हम्मूच्या कुत्रीकडे गेला असेल,” बास्सू म्हणाला. “नर आहे. त्याला काय थंडी.”

सकाळी तिनं दार उघडलं तर समोर बर्फाची भिंत. दाराच्या फळ्यांचा ठसासुद्धा तिच्यावर उमटलेला. छताचं झाकण खांद्यानं रेटून ती वर गेली आणि छातीपर्यंत रुतली. अंगण नव्हतंच. कुंपण नाही, खोपटी नाही, छताच्या कडेपासून हम्मूच्या भिंतीपर्यंत एकच सपाट पांढरं. ती खाली आली. मोबाइल केव्हाच बंद पडला होता.

मग नुसतं बसून राहणं. चुलीचा धूर वर जायचा आणि वाट न मिळाल्यासारखा खाली यायचा. जमिनीखालच्या गोठ्यातून मेंढ्यांचा वास जिन्यानं वर यायचा. तुळया कुरकुरल्या की दोघांच्या माना एकदम वर. बास्सू जपमाळ ओढत बसलेला, इत्तो लोकर विंचरत. सबंध दिवसात तो फक्त “मीठ” म्हणाला. तिला वाटलं, इतकी वर्षं मी अशीच तर आहे, बर्फ फक्त या वेळी डोळ्यांना दिसतोय.

दुसऱ्या दिवशी, चहा उकळत असताना, तिला भिंतीतून काहीतरी ऐकू आलं. खरवडल्यासारखं. थांबलं. पुन्हा आलं.

“उंदीर,” बास्सू म्हणाला.

तिनं भिंतीला कान लावला. पलीकडून बारीक, दमलेला कण्हण्याचा आवाज आला. या भिंतीमागे भट्टीची खोपटी. छतावरून उडी मारून अमलाल कुठे हम्मूच्या कुत्रीकडे गेलाच नव्हता. भट्टी नुकतीच विझलेली, राख गरम. तो त्या उबेला जाऊन झोपला होता. आणि हे दोघं दिवसभर त्याच्या डोक्यावर बर्फ ओतत होते, गल्ली स्वच्छ राहावी म्हणून.

ती शिडीकडे धावली, फावडं घेऊन वर गेली आणि खोपटी जिथे असावी तिथे जायला निघाली. कडेवरून खाली उतरताच ती काखेपर्यंत आत गेली आणि पाय टेकेनात. कशीबशी छताची कड धरून ओरबाडत परत आली. खाली उतरली तेव्हा दातावर दात आपटत होते. बास्सूनं आपला लोकरी झगा काढून तिच्या अंगावर टाकला आणि पुन्हा जपमाळ उचलली.

ती जपमाळ पाहून इत्तोचं डोकं फिरलं. तिनं कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि भिंतीवर पहिला घाव घातला. मातीचा पोपडा उडाला.

“तिथे नको,” बास्सू म्हणाला. “वर मोठी तुळई टेकलीय. छत खाली येईल.”

“येऊ दे.”

“कुत्रं आहे ते, पोरी.”

इत्तो वळली. आजवर सासऱ्यासमोर तिनं आवाज चढवला नव्हता आणि आताही चढवला नाही.

“बाबा, तो मेला तर या घरात मी कुणाशी बोलू?”

पलीकडून खरवडणं ऐकू आलं, पहिल्यापेक्षा हळू. मग बास्सू गुडघ्यांवर हात टेकून उठला, बार्लीच्या पेटीपाशी गेला आणि ती ढकलायला लागला. पेटी इतकी वर्षं तिथून हलली नव्हती. इत्तोला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. तिनं धावत जाऊन हात लावला. पेटीमागच्या भिंतीवर बास्सूनं तळहात फिरवला, जागा चाचपली आणि नखानं एक चौकोन आखला.

“इथे मार. इथे नुसते दगड आहेत. वर काही नाही.”

दोन घावांत माती गळाली आणि आतून हातानं रचलेले दगड दिसले. बास्सू एकेक दगड ओढून काढायला लागला. काढता काढता, भिंतीकडेच तोंड ठेवून, बोलायला लागला. घर बांधताना ही खिडकी तुदानं हट्टानं ठेवायला लावली होती. ती पलीकडे भाकरी भाजायची आणि इथून आत द्यायची. तो इथे बसून घ्यायचा. भाकरी यायची आणि मागे तिचा हात दिसायचा, पीठ लागलेला. बाकी ती दिसायची नाही.

“ती गेली आणि साक्कूचं लग्न ठरलं,” तो म्हणाला. “मला दुसरा हात बघवला नसता. म्हणून बुजवली.”

इत्तो हातात कुदळ घेऊन उभीच राहिली. किती हिवाळे तिनं ते अंगण तुडवलं होतं. किती भाकऱ्या भिजल्या होत्या. तिला राग आला, मग रडू आलं आणि दोन्हींतलं काय आधी करावं ते कळेना, म्हणून तिनं खाली बसून दगड काढायला सुरुवात केली.

शेवटचा दगड निघाला आणि पलीकडच्या अंधारातून आधी राखेचा वास आला, मग एक काळं नाक. अमलाल अडकत, घासत, मागचे पाय ओढत आत आला आणि चुलीपाशी कोसळला. सबंध राखाडी झाला होता. इत्तोनं त्याला मांडीवर घेऊन त्याचे पंजे चोळले, लोणी चाटवलं. बऱ्याच वेळानं त्यानं शेपूट हलवली, आणि हलवली ती म्हाताऱ्याकडे बघून.

बास्सूनं आपली नमाजाची सतरंजी गुंडाळून वरच्या खुंटीला टांगली.

“उंबरठा नाही ओलांडला त्यानं,” तो म्हणाला. “फरिश्त्यांनी विचारलं तर सांगेन.”

गावातली माणसं खणत खणत दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांना म्हातारा कुत्र्यापुढे भाकरी कुस्करताना दिसला. त्यावर पुढे महिनाभर चावडी चालली. अमलाल बरा झाल्यावर आपणहून छतावर गेला.

बर्फ उतरल्यावर एका सकाळी इत्तोनं पाहिलं, म्हातारा अंगणात पेंढा घालून माती तुडवतोय. बुजवणार, तिला वाटलं. त्याची खिडकी, त्याची बायको, त्याचं घर. ती खोपटीत गेली, भट्टी पेटवली, भाकरी थापायला लागली. अमलाल पायाशी. आज त्याला सांगण्यासारखंही तिच्याकडे काही नव्हतं.

पहिली भाकरी निघाली. तिनं ती शालीखाली घेतली आणि सवयीनं अंगणाकडे वळली, तेवढ्यात मागून ठकठक ऐकू आली. खिडकीच्या कडा ताज्या मातीनं गुळगुळीत लिंपलेल्या होत्या, आणि मधून म्हाताऱ्याचा चिखलानं माखलेला हात पुढे आला होता, तळवा वर करून.

“आण इकडून,” बास्सू आतून म्हणाला. “बाहेर केवढी थंडी आहे.”