खोकलेबाईचा रिकामा डबा

पाड्यात शिरली की ती आधी खांद्यावरचा डबा खाली ठेवायची आणि झाकणावर पालथा हात लावायची. आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो ना, तसा. मग मान वर करून विचारायची, "खोकतंय का कोणी?"

रामराम नाही, कसे आहात नाही. तिचं खरं नाव सरकारी कागदावर असेल. आमच्यासाठी ती खोकलेबाई.

मी दुसरीपर्यंत शिकलो. म्हणून तिचं काम मला समजलं तसं सांगतो. आमच्या बोहाड्याच्या उत्सवात तोच माणूस मुखवटा बदलून दुसरं सोंग घेऊन येतो, तुम्ही पाहिलं असेल. सर्दीतापाचा रोगही दरसाल तसंच नवं सोंग घेतो. ते वेळेत ओळखलं नाही तर साथ पसरते, करोनासारखी. म्हणून सरकारने पैसे घालून हिच्यासारखी माणसं डोंगरात फिरायला ठेवली. नाकात काडी, काडी नळीत, नळी बर्फाच्या डब्यात आणि डबा शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत. तिथली बातमी पुढे साऱ्या जगाच्या शास्त्रज्ञांकडे.

पण हे सगळं नंतर कळलं. करोनात नाकात काडी घातली की माणूस उचलून नेतात, एवढंच आम्हाला ठाऊक. ती पहिल्यांदा आली तेव्हा अर्धा पाडा रानात पळाला. मी नाही पळालो. दारात बसून राहिलो आणि सांगितलं, "नाक माझं आहे, सरकारचं नाय."

"नाक तुमचंच ठेवा आजोबा," ती म्हणाली, "मला नुसता शेंबूड द्या."

बाया पदराआड हसल्या. त्या दिवसापासून पाडा तिचा झाला.

आता आमची चूक सांगतो. लपवून काय करू?

पोशेरा गावाच्या बाजूने डांबरी रस्ता सोडला की पुढे चढ आहे, गाडी येत नाही. तो चढ चढून ती दर मंगळवारी यायची, प्रत्येक दारात विचारायची आणि पुष्कळदा रिकामाच डबा घेऊन परतायची. आम्हाला ते बघवेना. दारी आलेल्या माणसाला आम्ही रिकाम्या हाती पाठवत नाही. नागलीची भाकर तरी देतो. पण हिला भाकर नको, खोकला हवा.

एका मंगळवारी माझी म्हातारीच आधी खोकली. "काल लय ताप होता गं बाय," म्हणाली. ताप कसला! सकाळी दोन हंडे पाणी आणलं होतं तिनं. मग शेजारीण खोकली. मी तर चुलीशी बसून कपाळ शेकून घेतलं आणि कण्हत बाहेर आलो. नाकात काडी गेली, डोळ्यांत पाणी आलं, पण डबा भरला. ती खूश होऊन उतरली. आम्हीही खूश. पुढचे मंगळवारही असेच गोड गेले.

मग एकदा ती आली आणि झाकणाला हात न लावताच ओट्यावर बसली.

"आजोबा, तुमचे सगळे नमुने कोरे निघाले. वरचे म्हणतात, माझा डबा वाटेत तापतो, म्हणून नमुने खराब होतात. हा पाडा यादीतून काढायचा आणि मलाही कामावरून."

म्हातारी माझ्याकडे बघायला लागली. मी जन्मात कोणाची माफी मागितलेली नाही. जमिनीकडे बघून म्हटलं, "बाय, तुझा डबा थंडच हाय. आमचा खोकला खोटा व्हता."

"खोटा? कशाला?"

"तू रिकामी जायचीस. बरं नाय दिसत."

ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग जी चिडली! "कोणी आजारी नसलं तर मी शून्य लिहिते. ते शून्य म्हणजे माझं काम आहे, आजोबा! आज शून्य आहे हे खरं कळलं, तरच उद्या दोन झाले की धावता येतं. तुम्ही खोटं खोकलात, तर खरा खोकला ओळखू कसा?"

तिनं तिथंच बसून वर कळवायचा कागद लिहिला, सगळं खरं. मी खाली सही केली. अंगठा नाही, सही. वरून तिला बोलणी बसली, पण पाडा यादीत राहिला आणि तीही.

शिमग्याला वीटभट्टीवरून माणसं परतली आणि मंगळवारच्या आत तीन घरं तापली. माझी सूनही आडवी झाली. ताप असा की हात ठेववेना. मी स्वतः खाली जाऊन फोन लावला, "बाय, शून्य नाय. खरं हाय."

ती लगेच आली. औषधं दिली, काड्या घेतल्या. पण डबा खाली न्यायचा तर उन्हाचा तडाखा, आणि बर्फ किती टिकणार? डबा मी खांद्यावर घेतला. तिनं आपली छत्री उघडली आणि डब्यावर धरली. मी उन्हात, ती उन्हात, डबा सावलीत. असे आम्ही डांबरीपर्यंत गेलो. दर वळणावर तिचा पालथा हात झाकणावर.

नमुने चांगले निघाले. रोगाचं सोंग ओळखलं गेलं. सून उठली, तिन्ही घरं उठली. नंतर खोकलेबाईनं सांगितलं, "दुनियेचे शास्त्रज्ञ लस ठरवताना जो ढीग बघतात ना, त्यात तुमच्या पाड्याचाही नमुना आहे." सून लाजून आत पळाली. मी कशाला लाजू? मोखाड्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं, आमच्या पाड्याचं नाक जगात गेलं म्हणून.

ते काम ठरावीक वर्षांपुरतं होतं. वर्षं सरली. शेवटच्या मंगळवारी चढावर रस्ता झाला होता, म्हणून ती गाडीतून आली. "खोकतंय का कोणी?" कोणीच नाही. बायांनी वरईची पुरचुंडी आणली, ती तिनं पिशवीत घेतली. डबा रिकामाच ठेवला. मग वही माझ्यापुढे धरून म्हणाली, "आज तुम्ही लिहा, आजोबा."

मी शून्य काढलं. चांगलं गोल आलं.

गाडी निघाली तशी धूळ उठली आणि थेट माझ्या घशात गेली. धुळीचा खोकला वहीत धरत नाहीत, हे तिनंच शिकवलेलं. तरी मी दात आवळून उभा राहिलो. ती मागे वळून बघत होती. गाडी वळणाआड गेली, आवाज बंद झाला, तेव्हा ओट्यावर बसलो आणि पोटभर खोकलो.