एकशे आठ कोटी किलोमीटर ताशी

भाऊकाका काल गेले.

आणि प्रकाशाच्या वेगाबद्दल ते तीन वर्षं अख्ख्या कॅम्प चारला चुकीचं सांगत होते, हे मी इथे लिहिणार आहे. त्यांना चाललं असतं.

काका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. राहायला अंबरनाथ पूर्वेला आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुकान उल्हासनगर कॅम्प चारला. काम एकच, स्कूटर-रिक्षांचे स्पीडोमीटर रिपेअर करायचे.

शिक्षण दहावी नापास. वाचन मात्र दांडगं.

कुठेतरी वाचलं, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. काकांना सेकंदाची भाषा पटेना. गिऱ्हाईकाला ताशी किती ते कळतं.

मग स्वतः हिशेब केला आणि दुकानाबाहेर लाल रंगात बोर्ड रंगवला.

"लाइट की स्पीड : १ करोड ८० लाख km/h. इतना मीटर अपने पास नहीं. बाकी सब रिपेअर होगा."

लोक वाचायचे, हसायचे, चहा प्यायचे.

मी नववीत होते. एका रविवारी बाबांबरोबर दुकानात गेले. एक सिंधी अंकल मीटर घ्यायला आलेले.

मी म्हटलं, "काका, बोर्ड चुकलाय. साठने एकदाच गुणलंत. हे मिनिटाचं झालं, तासाचं नाही."

बाबा ओरडलेच. "गप्प बस. चारचौघांत मोठ्यांच्या चुका काढतात का?"

अंकल म्हणाले, "भाऊ, छोकरी सही बोलती है क्या?"

काकांनी मीटरचा रिकामा बॉक्स उलटा केला आणि पेनने गुणाकार मांडला. १ कोटी ८० लाख गुणिले साठ.

एकशे आठ कोटी.

मला वाटलं, आता मेले.

काकांनी चष्मा काढला. "मीटर कमी दाखवत असेल तर सांगायला नको? त्याचेच तर पैसे घेतो आपण. पोरीला बोलू दे रे."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नवा आकडा. खाली बारीक अक्षरात माझं नाव, इयत्ता नववी.

मी लाजून आठवडाभर त्या रस्त्याला गेले नाही.

दहावीनंतर घरात ठरलं, कॉमर्स. मुलीला सायन्स झेपत नाही, क्लासच्या फिया कोण भरणार, वगैरे वगैरे.

काका वर आले, बाबांसमोर बसले.

"तीन वर्षं एवढे लोक बोर्ड वाचून गेले. एक माणूस बोलला नाही. ही बोलली. हिला सायन्सलाच घालायचं."

थोरल्या भावापुढे बाबांचं काही चालायचं नाही. मी सायन्सला गेले.

आज बदलापूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझी चूक दाखवणाऱ्या मुलांची नावं मी फळ्यावर लिहिते. स्टाफरूममध्ये याला माझं खूळ म्हणतात. म्हणोत.

काल स्मशानात दोन शब्द बोलायची वेळ आली. आमच्याकडे हे पुरुषच बोलतात. सगळे बाबांकडे बघत होते.

बाबांना बोलवेना. त्यांनी मागे वळून मला शोधलं.

"तू बोल," म्हणाले. "चारचौघांत बोल."

मी बोलले, काका. साठने एकदाच गुणलं होतंत, तेही सांगितलं. बाबा रडता रडता हसले.

तुम्ही फार हवे होतात अजून.

तुमच्या पुतणीचा शेवटचा नमस्कार.