खळबाईंनी भरलेला कोपरा

सकाळी चहाच्याही आधी गॅसवर गव्हाच्या सत्त्वाची खळ चढायची, म्हणून त्या खळबाई. घरात पाहुणे असोत, अंगात ताप असो, नाहीतर नवऱ्याचा पाय प्लॅस्टरमध्ये असो, खळ काही चुकायची नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "चाळीस वर्षं मी इथं टिकलो तो काय प्रेमानं? अहो, चिकटवलंय मला हिनं!" बाई तेवढ्यापुरत्या डोळे वटारायच्या आणि पुन्हा पातेल्यात डाव फिरवायला लागायच्या, कारण खळीत एक गुठळी राहिली तर दिवस फुकट.

काम कसलं? तर जुनी कॉमिक्स दुरुस्त करण्याचं. हसू नका. कॉमिक म्हणजे वाचलं, फाडलं, रद्दीत टाकलं असं तुम्हाआम्हाला वाटतं, पण जगात अशी माणसं आहेत की लहानपणी आईनं रद्दीत घातलेला एक अंक म्हातारपणापर्यंत शोधत फिरतात. आणि मिळतो तेव्हा काय अवस्थेत मिळतो! पिना गंजलेल्या, पाठीवर कुण्या शहाण्यानं सेलोटेप मारलेली, कोपरा उंदरानं खाल्लेला. मग ही माणसं तो अंक छातीशी धरून बाईंकडे यायची.

बाई हे शिकल्या एकोणिसाव्या वर्षी, सरकारी ग्रंथालयाच्या तळघरात. तिथला बाइंडर बोलायला फटकळ आणि हाताला देवमाणूस. त्यानं दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात पक्क्या बसवल्या. जे चिकटवशील ते साध्या पाण्यानं सुटलं पाहिजे, म्हणजे उद्या कुणाला तुझी चूक काढायची झाली तर मूळ कागद मरणार नाही. आणि जे जे केलंस ते चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. "नाही लिहिलंस तर तू कारागीर नाहीस, चोर आहेस," असं तो तोंडावर म्हणायचा. बाईंनी आयुष्यभर चिठ्ठ्या दिल्या. नक्कल मात्र स्वतःजवळ ठेवायचं कधी सुचलं नाही. आपण खरं लिहितोय म्हटल्यावर नक्कल कशाला, असा साधा हिशोब.

तेव्हा शहरात हे काम करणारी सहाजण होती आणि सहाही जणांकडे महिनोनमहिने रांग असायची. मग तपासणीचं कार्यालय निघालं. तुम्ही अंक द्यायचा, ते भिंगाखाली तपासणार, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करणार आणि वर लेबल लावणार. ज्याला कुणाचा हात लागलेला नाही त्याला पांढरं लेबल, दुरुस्त केलेल्याला करडं. ऐकायला यात वावगं काही नाही. पण लोकांनी काय डोकं चालवलं बघा! पांढरं म्हणजे सोनं आणि करडं म्हणजे कचरा. बघता बघता दुरुस्ती हा शब्दच शिवीसारखा झाला. सहांतल्या एकानं झेरॉक्सचं दुकान टाकलं, एकजण नंबरप्लेट रंगवायला लागला, एक वारला, दोघे कुठे गेले देव जाणे. उरल्या खळबाई. त्यांच्याकडे आता येणारी माणसं म्हणायची, "बाई, हे जुनं भरलेलं ठिगळ काढून द्या. भोक असलं तरी चालेल, पण हात लागलेला नको." दुसऱ्यांनी केलेलं बाई काढून द्यायच्या, पोटासाठी. स्वतःचं काम काढायला आणलं तर सरळ दाराकडे बोट दाखवायच्या.

आणि लेकीला नोकरी लागली ती नेमकी त्याच कार्यालयात, तपासणीस म्हणून! बाई आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. पण मनातून त्यांना ठाऊक होतं की पोरगी लहानपणापासून त्यांच्या टेबलाशी बसून वाढलेली, असली नजर त्या कार्यालयाला सात जन्मांत मिळाली नसती. नवऱ्याच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून घरही तिच्याच पगारावर चाललं होतं. पुढे पुढे बाई शेजारणींना फुशारकीनं सांगायलाही लागल्या.

एका रविवारी दुपारी दातांचे डॉक्टर आले. एके काळचं मोठं गिऱ्हाईक. आता काम द्यायचे नाहीत, पण नवीन काही घेतलं की दाखवायला यायचे, कारण कौतुक करायला तेवढीच जाणती माणसं उरलेली. डबी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बघा बाई, डोळे भरून बघा. याची दुसरी धड प्रत कुणी पाहिलेली नाही. सगळ्यांचा हा खालचा कोपरा गेलेला असतो. आणि हिला कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही!"

मुखपृष्ठावर दीपगृह, कंदील घेतलेला खलाशी, आणि खाली उजवीकडे समुद्र. बाईंनी डबी डोळ्यांजवळ नेली. तो समुद्र त्यांचा होता. अंगठ्याएवढा तुकडा, त्याच काळातल्या एका फाटक्या अंकाच्या कोऱ्या समासातून कापलेला आणि मागून पातळ कागदानं सांधलेला. वरचे निळे ठिपके एकेक करून कुंचल्याच्या टोकानं काढलेले. छापताना निळा रंग पिवळ्यापासून केसभर सरकला होता, तर तेवढंच सरकणंही त्यांनी उचललं होतं. अकरा दिवस लागले होते. चिठ्ठी दिली होती. ती मधल्या कुणीतरी फाडून टाकली असणार.

लेबल पांढरं होतं. खाली तपासणीसाची आद्याक्षरं होती, आणि ती त्यांच्या लेकीची होती.

"काय बाई, वाचाच बसली ना?" डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

"छान आहे," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि डॉक्टर गेल्यावर त्यांना स्वतःची किळस आली.

लेक संध्याकाळी भाजी घेऊन आली. बाईंनी तिला पिशवीही खाली ठेवू दिली नाही. "दीपगृहवाला अंक तुझ्याकडून गेला?"

लेकीनं पिशवी टेबलावर ठेवली. "हो."

"पांढरं लेबल लावलंस?"

"हो, आई."

"डोळे काय गहाण टाकले होतेस गं? आईचं काम तुला ओळखू येत नाही?"

लेक खुर्चीत बसली. "त्या कोपऱ्यात एक छोटी लाट आहे. मी नऊ वर्षांची होते. मी विचारलं होतं, ही लाट कुठून आली? तू म्हणालीस, मूळ चित्रात काय होतं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून मी माझ्या मनची काढली. आई, मी अंक हातात घेतल्या घेतल्या ओळखलं."

लेक नुसती फसली असती तर बाईंनी चार शिव्या घालून पोटात घातलं असतं. हे भलतंच निघालं.

"करडं लावलं असतं तर काय झालं असतं?" लेक म्हणाली. "कुणीतरी मातीमोलानं घेतलं असतं आणि खरवडायला पाठवलं असतं. आमच्याकडे आता त्याचा वेगळा विभाग आहे. महिनाभरात तुझी तीन कामं माझ्यासमोर काढली त्यांनी, ब्लेडनं. मी रोज तिथं बसते. एक तरी राहू दे म्हटलं."

आता माया म्हणायची की गुन्हा? बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी अंगाची लाही लाही झाली. "राहू दे? काय राहिलं गं त्यात माझं? 'हात लागलेला नाही' असं लिहिलंस तू! माझे अकरा दिवस पुसलेस! आणि वर मला चोरांच्या रांगेत नेऊन बसवलंस. उद्या कळलं तर लोक म्हणतील, आई भरते आणि लेक झाकते."

"कळणार नाही कुणाला."

"मला कळलंय ना!"

आतून नवरा म्हणाला, "अगं, हळू. पोरीची नोकरी जाईल." तो थट्टेत बोलत नव्हता, हे पहिल्यांदाच. दोन दिवस बाईंनी खळ शिजवली आणि वापरली नाही. सांगितलं तर लेकीची नोकरी जाणार, नावही जाणार, आणि त्या धंद्यात नाव गेलेल्याला कुणी दारात उभं करत नाही. नाही सांगितलं तर डॉक्टर उद्या तो अंक दुसऱ्याच्या गळ्यात मारतील, तो तिसऱ्याच्या, आणि खोटं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहील. बाईंनी दोन्हीकडून विचार करून पाहिला. दोन्हीकडून जीवच जात होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चप्पल घातली. "मी डॉक्टरांकडे चाललेय. तू फसलीस एवढंच सांगेन. फसणं हा गुन्हा नाही."

लेकीनं पर्स उचलली आणि त्यांच्या मागून निघाली.

दवाखान्यात पेशंट नव्हता. त्या अंकाचा कोपरा आपण भरलाय, हे बाईंनी सरळ सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग लालबुंद झाले. "बाई, तुमचा धंदा बसला म्हणून जे दिसेल ते आपलं म्हणणार का तुम्ही? कार्यालयानं भिंगाखाली तपासलंय. चिठ्ठी आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"पुरावा?"

"नाही."

"मग झालं तर!" डॉक्टर म्हणाले. "वय होतं माणसाचं. माझ्याही आईला शेवटी शेवटी भास व्हायचे."

दार उघडंच होतं. सांगून झालं होतं, समोरच्यानं मानलं नव्हतं, आता घरी जावं आणि निवांत झोपावं. लेकीची नोकरी शाबूत, समुद्र शाबूत, आपण खरं बोललो म्हणून मनही शाबूत. बाई खरोखर दोन पावलं दाराकडे गेल्या. मग वळल्या.

"दिवसभर किडलेल्या दातांत तुम्ही काय भरता हो? त्याला लोक शाबासकी देतात. मी भरलं की पाप! पण मी भरलेलं पाण्यानं सुटतं. छापलेलं सुटत नाही. उघडा ती डबी, दाखवते."

"उघडली की लेबल बाद होतं, माहीत आहे ना?"

"लेबल खरं असेल तर परत मिळेल तुम्हाला. नाहीतर ठेवा तशीच आणि रोज त्याच्याकडे बघून शंका काढत बसा."

ते बोलणं डॉक्टरांना बरोबर लागलं. त्यांनी कपाटातून डबी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि सील तोडलं. बाईंनी मुखपृष्ठ पालथं करून स्वच्छ कागदावर ठेवलं. डॉक्टरांच्याच ट्रेमधली कापसाची गुंडाळी घेऊन भिजवली आणि पिळली. ती कोपऱ्याच्या मागच्या बाजूला ठेवली. दात तपासायचा दिवा जवळ ओढला. लेकीनं न सांगता कागदाची वरची कड हलकेच दाबून धरली. लहानपणी धरायची तशीच दोन बोटांनी.

दहा मिनिटं खळ भिजू दिली. बाईंनी चिमटा घातला. खळ आधी जरा अडली, मग सुटली. तुकडा सबंध निघून आला आणि ट्रेमध्ये पडला. मूळ कागदावर ओरखडासुद्धा नव्हता. तिथं उंदरानं कुरतडलेली कड तशीच्या तशी होती, इतक्या वर्षांपूर्वी होती तशी.

डॉक्टर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पण मग तपासणाऱ्याला हे दिसलं कसं नाही?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं नाही. "दिसणं शक्यच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझा हात फार चांगला होता. कुणीही फसलं असतं." चाळीस वर्षांत कामाबद्दल त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या आणि जीभ अडखळलीही नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. डॉक्टर मान हलवत होते. त्यांना ते पटलं होतं. आणखी मिनिटभरात दोघी सुखरूप बाहेर पडल्या असत्या.

"आई, पुरे," लेक म्हणाली. "डॉक्टर, ते लेबल मी लावलं. ही माझी आई आहे. आणि मला पहिल्याच नजरेला दिसलं होतं."

बाईंनी तिचा दंड धरला. इतका घट्ट धरला की नखं रुतली असतील. तिला मागं ओढायचं होतं की आधार घ्यायचा होता, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. डॉक्टर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन उचलला आणि विचारलं, "तुमच्या साहेबांचा नंबर काय?"

लेकीनं सांगितला, सावकाश, एकेक आकडा करून.