यायले किती घंटे?

पेटीवाल्या मावशीला कुणी निघालेला दिसला की ती कुठे जातोस हे विचारत नसे. "येशीन कधी?" एवढंच. कलकत्त्याला निघालेला ट्रकवाला असो की चहा प्यायला उठलेला हमाल, सवाल तोच. लोक हसत. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला आजही कळत नाही.

नागपूरच्या संत्रा मार्केटात तिचा धंदा खाली पेट्यांचा. संत्री भरून गेलेल्या पेट्या रिकाम्या होऊन परत येत. त्या ती विकत घेई, ठोकून नीट करी आणि पुन्हा विकी. परतीचं भाडं कोण देणार हे ठरल्याशिवाय पेटी हलू देत नसे. व्यापारी तिला भांडकुदळ म्हणत. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा हिनंच मला हातोडा दिला, दुपारची भाकर दिली, खिळा वाकडा गेला की शिव्याही दिल्या. त्यातूनच मी सुतार झालो. आज इथे कुवेतला जे खातो ते तिचंच.

सन ऐंशीच्या आसपास नागपुरातल्याच सदर भागातल्या एका एजंटानं इथलं काम आणलं. उमरेडला आई अंथरुणावर. एकट्यानं एजंटाकडे जायची भीती वाटली. मावशी सोबत आली. एजंटानं भिंतीवरच्या नकाशावर वीत टेकवली.

"हे मुंबई, हे कुवेत. मधात समुद्र. पण विमानाले काय, चार घंटे! नागपूरहून मुंबईले जायलेच याच्याहून जास्त लागते."

"जायचे चार. अन् यायले किती घंटे?"

"तेवढेच ना, मावशी!" एजंट हसला.

"मंग याच्या वापसीचं तिकीट कुठं हाय?"

"दोन वर्षांनी कंपनी देईन."

मावशी भडकली. "माझ्या फुटक्या पेटीचंही वापसीचं भाडं धरलं असते. माणसाचं काहून नाही धरत गा?"

एजंटानं कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

दोन वर्षं झाली. आईचं दुखणं वाढलं. पासपोर्ट कंपनीच्या साहेबाच्या कपाटात, आणि उत्तर एकच, पुढच्या महिन्यात. म्हणे चार तासांचं अंतर! विमानं डोक्यावरून जात आणि मी खाली फळ्या ठोकत राही. मी काय कुणाचा विकत घेतलेला बैल होतो?

माझ्या पत्रातून हे कळल्यावर मावशीनं एजंटाच्या दारात रिकामी पेटी उलटी टाकली आणि तिच्यावर बसली. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला सांगायची, "जायचे घंटे तो सांगीन. यायचे तू विचारजो."

"मावशी, काहून माझा धंदा खराब करून राहिली वं?"

"तू पोरगं अडकवलं, मी दार अडकवलं."

गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा एजंटानं कंपनीला तार केली. मला तिकीट मिळालं. आई माझ्या हातून पाणी पिऊन गेली.

पोटासाठी मी पुन्हा इथे आलो. काही वर्षांनी मावशी गेल्याचं कळलं. रजा मागितली, तर साहेब म्हणाला, "सख्खी आहे का? रक्ताची नाही, तर रजा नाही."

मी आयुष्यात कुठल्या साहेबापुढे मान वर केली नव्हती. त्या दिवशी ओरडलो. हिंदीत, मराठीत, तोंडाला येईल ते. सगळं काम थांबलं. रजा मिळाली नाही. मावशीच्या मातीला मला जाता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीतली दोन पोरं जवळ येऊन बसली. त्यातला एक म्हणाला, "दादा, आमचेही पासपोर्ट साहेबाच्याच कपाटात आहेत. आमच्यासाठी बोलाल का?"