खडा टाकून बघायचा

माझ्या धाकट्या वन्संचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड आहे. दोर ओढून ओढून तसा झालाय. वस्तीत त्यांना खडेवाली म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

त्यांच्या मेंढ्या आमच्या पठारावर चरतात. पठार लांबून साधं दिसतं. गवतातून चालत राहावं आणि पुढच्या पावलाला जमीनच नसावी, असं ते संपतं. खाली काळा कडा, त्याच्या पायथ्याशी समुद्र आपटत असतो. खडकांवर सील पडलेले असतात आणि माजाच्या दिवसांत त्यांचे नर एकमेकांच्या मानेचे लचके तोडतात. लाटेचा फेस लाल झालेला मी वरून पाहिलाय. देवाने हे सगळं का केलं असेल, असं मनात येतं आणि मग मी गप्प बसते, कारण त्याच कड्यावर संध्याकाळी ऊन पडलं की हात आपोआप जोडले जातात.

कड्याच्या अंगावर मधेमधे गवताच्या अरुंद पट्ट्या आहेत. तिथे कुणाचं तोंड पोचत नाही, म्हणून गवत लुसलुशीत. एखादं मेंढरू ते बघून उडी मारतं, पोटभर खातं आणि मग वर बघतं, तर वाट नाही.

अशा अडकलेल्या जनावराजवळ लगेच जायचं नसतं. अंगात रग आहे तोवर ते माणसाला भिऊन समुद्रात उडी टाकतं, नाहीतर धडक देऊन माणसालाच टाकतं. उपासाने ते ढिलं पडेपर्यंत थांबायचं. वन्सं कड्याच्या काठावर पालथ्या पडतात आणि त्याच्या शेजारी एक खडा सोडतात. मान झटक्यात वर आली, तर अजून थांबायचं. मान हललीच नाही, की उतरायचं. पण फार थांबूनही चालत नाही. डोमकावळे टपलेले असतात आणि ते आधी डोळे काढतात.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वन्संचा हात धरला. "वन्सं, मुक्या जिवाला उपाशी मारता हो!"

"मारत नाही वहिनी, दमवते. तुमचा देव आपल्याला दमवूनच जवळ घेतो ना?"

मी कानांवर हात ठेवले. त्या हसल्या आणि पुढचा खडा शोधायला लागल्या.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचे. घरी आल्यावरही ते काम सुटायचं नाही. त्यांच्या दाराची खालची फळी नवी होती, कारण जुनी लाथेने फुटली होती. चुलीजवळच्या भिंतीवर डाळीचा डाग होता, तो पुसला तरी जात नव्हता. वन्संना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेही त्याच घरातलं. आमच्या ह्यांनी बहिणीला दोनदा घरी आणलं. दोन्ही वेळा त्या परत गेल्या. "मेंढ्या तिकडे आहेत दादा," एवढंच म्हणायच्या.

यंदा थंडी सरताना त्यांचा मोठा मेंढा खाली गेला. भावजींनी तो एका गिऱ्हाइकाला कबूल केला होता आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी येणार होतं. मी त्या वेळी वन्संकडे लोकर निवडायला गेले होते. आम्ही काठावर गेलो. वन्संनी खडा टाकला. मेंढ्याने मान उचलली आणि पुढच्या पायाने जमीन उकरली.

"उद्या परवापर्यंत हात लावायचा नाही," वन्सं म्हणाल्या.

मागून भावजी आले. दुपारीच प्यायलेले. "झाली का तुझी खडेपूजा? दोर आण."

"अहो, त्याच्या अंगात रग आहे अजून."

"माझ्या नाही का?" असं म्हणून त्यांनी वन्संच्या कानशिलात दिली आणि काठावर रोवलेल्या पहारीला दोर बांधून स्वतःच उतरले.

खाली पोचल्यावर त्यांनी जे केलं ते इथलं पोरही करणार नाही. मेंढा आधी वर पाठवावा म्हणून कमरेचा दोर सोडला आणि त्याच्या शिंगांना बांधला. गाठ बसते न बसते तोच मेंढा मागे सरला आणि त्याने गुडघ्यावर धडक दिली. हाड मोडल्याचा आवाज वर ऐकू आला. भावजी आडवे झाले आणि मेंढ्याने उडी टाकली. तो दोराला लटकून तडफडत होता, कड्याच्या धारेवर दोर घासत होता. शेवटी दोर तुटला. मेंढा खाली खडकावर आपटला तेव्हा सील ओरडत पाण्यात शिरले. गरुड खाली उतरायला वेळ लागला नाही.

आता पट्टीवर मेंढ्याच्या जागी माणूस होता.

मी धावत जाऊन दीपगृहावरच्या दिवेवाल्याला आणलं. येताना त्याने नवा दोर आणला आणि खाणीतली दोघंतिघंही आली. भावजी खालून गर्जत होते, "वर आलो की तुझा गळा दाबतो, सटवे!" आणि हाताला लागेल तो दगड वर भिरकावत होते.

दिवेवाला दोर बांधायला लागला. वन्संनी काठी आडवी घातली.

"कुणी जायचं नाही. ते भ्यालेत. जो जाईल त्याला घेऊन पडतील."

"बाई, तो मेंढा नाही. नवरा आहे तुझा."

"म्हणूनच सांगते."

"की हिशेब चुकता करतेस?" खाणवाल्यांतला एक म्हणाला. वन्संनी काठी तशीच आडवी धरली.

दिवेवाला काठी बाजूला सारून उतरलाच. पट्टीच्या वरच्या कपारीत समुद्रपक्ष्यांची घरटी होती. आम्ही त्यांना थुंके म्हणतो. जवळ गेलं की ते पोटातलं सडकं तेल तोंडावर ओकतात. त्या तेलाने दिवेवाल्याचे डोळे चरचरून मिटले आणि नेमके तेव्हाच भावजींनी त्याचा पाय धरला. बुडणारा माणूस धरतो तसा, सगळ्या ताकदीने. आम्ही वरून ओढत होतो, भावजी खालून ओढत होते, आणि मधे दिवेवाल्याचं तोंड कड्यावर घासलं जात होतं. मी मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागले.

"नाव घ्या वहिनी, पण दोर सोडू नका!" वन्सं ओरडल्या.

बूट निघून भावजींच्या हातात राहिला, म्हणून दिवेवाला वर आला. नाक फुटलेलं, पुढचे दात गेलेले. त्यानंतर उतरायचं नाव कुणी काढलं नाही. वन्सं पालथ्या पडल्या आणि खडे टाकायला लागल्या. रात्र तशीच गेली.

उजाडल्यावर भावजींच्या शिव्या थांबल्या होत्या. पाणी मागत होते. वन्संनी दोराला बाटली बांधून सोडली. त्यांनी दोरच हिसकायला सुरुवात केली, बाटली फुटली. खडा टाकला की मान अजून उठत होती, पण सावकाश. मग डोमकावळे आले. एक पायाशी बसला, एक डोक्याशी. आम्ही ओरडलो, दगड मारले, ते उडून पुन्हा बसायचे. त्यातल्या एकाने चोच मारली. भावजींची किंकाळी मी अजून ऐकते.

वन्संनी खडा टाकला. मान वर आली. नियमाने थांबायचं होतं.

"दुसरा डोळाही जाईल," असं म्हणून त्या उठल्या. कमरेला दोर बांधून घेतला, दुसरा खांद्यावर टाकला.

"वन्सं, तुम्हीच म्हणालात ना," मी म्हटलं.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

मी काठावर पालथी पडून सगळं पाहिलं. त्या पट्टीवर टेकल्या, कावळे हाकलले आणि हात पुढे केला. "अहो, मी आहे. हात द्या."

भावजींनी हात दिला नाही. वेणी धरली, मनगटाला गुंडाळली आणि दुसऱ्या हाताने गळा पकडला. अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. दोघं काठाकडे सरकत होती. वन्संचा एक पाय हवेत गेला. त्यांनी चाचपून एक दगड उचलला आणि भावजींच्या मनगटावर घातला. एकदा, दोनदा. वेणी सुटेना, तेव्हा तिसरा घाव कानामागे बसला. भावजी सैल पडले.

"ए! हालायचं नाही आता!" वन्सं ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला ए म्हटलेलं मी ऐकलं. मग गुडघा छातीवर रोवून त्यांनी मेंढराचे बांधतात तसे त्यांचे हात बांधले, मोडलेला पाय धड पायाला आवळला. "ओढा!"

आम्ही आधी भावजींना आणि मग वन्संना वर घेतलं. वन्संच्या गळ्यावर बोटांचे निळे वळ होते. मूठभर केस भावजींच्या मुठीत राहिले होते. काल हिशेबाचं बोलणारा खाणवाला ते केस सोडवत बसला होता.

दवाखान्याची गाडी पठाराखालच्या रस्त्यावर आली. भावजी शुद्धीवर येत होते. डॉक्टर दोर कापायला लागले, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "पायाचा कापा. हाताचा तिकडे गेल्यावर."

"सोबत कोण येतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

भावजींनी उरलेल्या डोळ्याने वन्संकडे बघितलं. त्या डोळ्यात राग नव्हता, आर्जव होतं. मला वाटलं, आता चढतात ह्या गाडीत. एरवी चढल्याच असत्या.

"भाऊ आहे त्यांचा खाणीवर," वन्सं म्हणाल्या. "त्याला घ्या."

गाडी गेली. निरोप मिळून गाडीबरोबर आलेले आमचे हे पुढे होऊन म्हणाले, "ताई, आमच्याकडे चल."

"घर आहे की मला, दादा. आता ते माझ्या एकटीचं आहे."

त्या काठी शोधायला लागल्या. कळप कालपासून वाऱ्यावर होता.