डिसेंबरातला कूलर

“काय ऐकू आलं तेवढं सांगा. कोण होतं, ते मागून पाहू.”

हे म्हणताना सर उजवा तळहात कानामागे धरायचे आणि डोळे मिटायचे. आमच्या समोरच्याच घरात राहायचे. नागपुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, आणि कान माणसाला कसा फसवतो याचे प्रयोग वर्षानुवर्षं मुलांवर करायचे. बंद खोलीत कुणीतरी कण्हतंय असं गल्लीत कुणी म्हणालं, की बाकीचे अंगारा शोधायचे आणि सर चपला.

गंमत अशी की कानाच्या या पंडिताला स्वतःच्या घरात काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. स्वयंपाकघरातून काकू हाक मारायच्या, “अहो, ऐकलं का?” सर पुस्तकात. पुन्हा “अहो, ऐकलं का?” सर तिथेच. रस्त्यापलीकडे माझ्या खिडकीत मला काकूंचं वाक्य शेवटपर्यंत ऐकू यायचं. “जा ना सर, काकू बोलावून राहिल्या!” असं मीच ओरडायची. मी पडले शाळामास्तरीण, न ऐकणाऱ्यांचा मला मनस्वी राग.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या गल्लीत कूलर आले. सीताबर्डीहून ते लोखंडी डबे हातगाडीवरून यायचे आणि खिडक्यांना लागायचे. मे महिन्यातली नागपूरची दुपार तुम्ही पाहिली असेल, तर वेगळं सांगायला नको. दारं-खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि प्रत्येक घरातून तीच एकसुरी घरघर. आत माणसं आहेत की नुसतेच कूलर आहेत, असं वाटायचं.

शेजारच्या कुसुमकडेही त्याच उन्हाळ्यात कूलर लागला. आधीच्या हिवाळ्यात तिचा सहा वर्षांचा मुलगा तापानं गेला होता. एका दुपारी ती मला भर रस्त्यात अनवाणी उभी दिसली. डांबर वितळलं होतं. मी तिला ओढतच सावलीत आणलं.

“ताई, तो आवाज देऊन राहिला ना वं मले,” ती म्हणाली. “आई म्हणते. दार उघडलं की दिसत नाही.”

मग हे रोजचंच झालं. कूलर सुरू झाला की ती दाराकडे धावायची. सासूबाईंनी जाहीर केलं, “बाहेरचं लागलं हिले, नाहीतर पागल तरी झाली. धाडा माहेरी. पोरगी माझ्यापाशी राहीन.” कुसुमची धाकटी अजून तिच्या कडेवर असायची. उरलेलं लेकरूही तिच्यापासून तोडायला निघालेत हे पाहून माझं डोकं फिरलं. मी सरांना गाठलं.

सर आले, कुसुमसमोर बसले. झोप लागते का, जेवतेस का, तो आवाज काही करायला सांगतो का, असं सगळं विचारलं.

“नाही सर. नुसतं आई म्हणते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या घरच्यांना आणि मला पन्हं प्यायला बोलावलं. पडदे ओढलेले, कूलर सुरू. “आतल्या खोलीत टेपरेकॉर्डर लावतो,” ते म्हणाले. “अगदी हळू आवाजात कुणीतरी बोलेल. ऐकू आलं की हात वर करा.” आणि आत गेले.

आम्ही बसून राहिलो. आधी नुसतीच घरघर होती. मग तिच्या तळाशी कुणीतरी बोलायला लागलं. माझी वारलेली बहीण मला लहानपणच्या नावानं हाक मारत होती. मी हात वर केला. कुसुमच्या नवऱ्याचा हात आधीच वर होता. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. “हे खोकलून राहिले,” त्या पुटपुटल्या. सासऱ्यांना जाऊन कैक वर्षं झाली होती.

सर बाहेर आले तेव्हा टेपरेकॉर्डरची वायर त्यांच्या हातात गुंडाळलेली होती. तो त्यांनी लावलाच नव्हता.

“कानाला रिकामं बसता येत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “एकसुरी आवाज मिळाला, की ज्याची वाट पाहतो त्याचा आवाज तो त्यातून काढतो. कॉलेजातल्या धडधाकट पोरांनाही ऐकू येतं. हिचं दुःख ताजं आहे, म्हणून हिला जास्त येतं. उद्या तो आवाज हिला हुकूम सोडायला लागला, किंवा हिचं खाणं-झोपणं सुटलं, तर मी स्वतः हिला डॉक्टरकडे नेईन. त्यावर उपाय असतात. पण आज पोरीपासून तोडाल, तर हिला खरंच आजारी पाडाल.”

सासूबाईंनी कूलरकडे पाहिलं. मग उठल्या आणि धाकटीला कुसुमच्या मांडीवर ठेवलं. माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही.

निघताना कुसुमनं विचारलं, “मग तो नव्हता सर?”

सरांनी तिच्या कडेवरच्या धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार उघडून दिलं.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात काकू गेल्या. आणि त्याच डिसेंबरात, सगळं नागपूर शेकोट्यांभोवती बसलेलं असताना, सरांचा कूलर सुरू झाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती घरघर. उन्हाळ्यात सवयीची झालेली, पण थंडीत ऐकली की येणारे-जाणारे थबकायचे. खिडकीतून सर दिसायचे. अंगावर रग, कानटोपी कानावरून वर सारलेली, कूलरला अगदी चिकटून बसलेले. सरांचं डोकं सरकलं, असं गल्लीनं ठरवून टाकलं. वर्ध्याहून पुतण्या आला, सरांना घेऊन जायला आणि घराला कुलूप लावायला.

कुसुम त्याच्या आडवी उभी राहिली. “थांबा ना भाऊ. आधी मले विचारू द्या त्यांले.” माझा हात धरून ती आत शिरली. सरांसमोर बसली आणि तिनं तळहात कानामागे धरला.

“काय ऐकू आलं तेवढं सांगा सर. कोण होतं, ते मागून पाहू.”

सर हसले. थंडीनं त्यांचे ओठ निळे पडले होते. “‘अहो, ऐकलं का.’ एवढंच.”

“पुढे?”

“पुढे नाही काही. कान ऐकलेलंच परत काढतो, कुसुम. पुढचं मी कधी ऐकलंच नाही.” त्यांनी कान पुन्हा कूलरला लावला. “काय म्हणायची वं ती? आणखी थोडं बसलो तर येईल, म्हणून बसून राहिलो.”

मी ऐकलं होतं ना. इतकी वर्षं, रोज, रस्त्यापलीकडून.

“‘चहा थंडा होऊन राहिला,’” मी म्हणाले. “‘अहो, ऐकलं का, चहा थंडा होऊन राहिला.’ रोज हेच म्हणायच्या काकू.”

सरांनी डोळे मिटले. ओठातल्या ओठात ते वाक्य म्हणून पाहिलं. तेवढ्यात वीज गेली. कूलरचा पंखा रेंगाळत थांबला. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकणारं पाणीही थांबलं, आणि घरात कसलाच आवाज उरला नाही.

तेव्हा सरांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. हात कानामागे नव्हता.

“हो, आलोच,” म्हणाले, आणि रग बाजूला ठेवून आत गेले.

आत पाहायला जायची माझी हिंमत झाली नाही. कुसुमनं माझा हात घट्ट धरला होता.

पुतण्या एकटाच परत गेला. सरांनी पुन्हा कूलर लावला नाही, ऊन तापल्यावरही नाही. त्याच उन्हाळ्यात ते गेले.

त्यांच्या कुलूपबंद घरासमोरून जाताना कुसुमनं मला एकदाच विचारलं, “ताई, सर ‘आलोच’ म्हणाले, तेव्हा तर कूलर बंद होता ना वं?”

“होता.”

“मग?”

कोण होतं ते मागून पाहू, असं म्हणणारा माणूसच आता राहिला नव्हता.